एकशे एकाहत्तर

पडद्यावर तुझ्या चेहऱ्याखाली
एक लाल आकडा लुकलुकतोय : ब्याण्णव.
शेजारची पोरगी समजावते,
मावशी, तो त्याच्या काळजाचा ठोका.
मी मान हलवते. तिला काय सांगू,
एकतीस वर्षं मी दुसरं काही वाचलंच नाही.

मासानच्या बंदराशेजारचं इस्पितळ,
तिसरा मजला, रात्रपाळी.
खिडकीखाली मासेमारी बोटींची घरघर
आणि आत सोळा खाटा, सोळा हिरव्या रेघा.
आकडा भलताच चढला की
आधी माझ्या चपला उठायच्या, मग मी.

एकशे अठरा.
तू हललाही नाहीस.
पाठ खुर्चीला, मान जराशी पुढे,
फक्त डाव्या हाताची बोटं चालताहेत,
तुझी आजी कालवं सोलायची तशी,
न बघता, भराभर.
जिने चढला नाहीस, ओझं उचललं नाहीस,
कुत्रं मागे लागलेलं नाही.
समोर एक निळी दरी, दरीत पाच जण दबा धरून,
त्यातला एकही खरा नाही
हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे,
तुझ्या रक्ताला मात्र कुणी कळवलेलं नाही.

एकशे चव्वेचाळीस.
निवेदक किंचाळतो : बघा, गा-ऑनचा ठोका बघा!
आणि बुसानच्या या सभागृहात
सात हजार माणसं टाळ्या पिटतात.
या आकड्याला टाळ्या पडताना
मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.
आमच्या मजल्यावर तो दिसला की
बोलणी थांबायची.

माझीच तीन बोटं माझ्याच मनगटावर गेलीत.
घड्याळ बघून मोजते. एकशे दहा.
सकाळची गोळी घेऊनसुद्धा.

पाच वर्षांचा होतास, तापाने फणफणलेला,
छातीवर माझा हात ओढून विचारलंस,
आई, आत कोण दार वाजवतंय?
मग एके वर्षी तूच दार लावून घेतलंस.
बाहेर मी ताट ठेवायचे, रिकामं उचलायचे.
पाळी संपवून पहाटे यावं
तर आत अजून कळांचा टकटकाट.
मी दारावर थापा मारायचे :
जीव जाईल रे अशाने एक दिवस.
आतून यायचं :
आई, मी नुसता बसलोय.

एकशे त्रेसष्ट.
नुसता.

चार वर्षं मी तुला आळशी म्हणत आले,
नातेवाइकांत, बाजारात, तुझ्या बापाच्या थडग्यापाशी.
आणि तू त्या भिंतीपलीकडे
रात्रभर धावत होतास,
एकटा, अनवाणी, खुर्चीतल्या खुर्चीत,
आणि धाप लागली तर पाणी द्यायला
पलीकडे कुणी नव्हतं.
मी होते. मी दुसऱ्यांच्या रेघा बघत होते.

एकशे एकाहत्तर.
आमच्यात म्हणतात, भ्यालं की काळीज
घेवड्याच्या दाण्याएवढं होतं.
दाणा कशाचा, सबंध शेंग तडतडतेय माझ्या आत.

मग पडदा पांढरा झाला. तुम्ही हरलात.
पोरगी रडायला लागली.
मी आकडा शोधत होते.
नव्या नर्सना मी हेच शिकवायचे :
किती चढला ते कुणीही सांगेल,
तो उतरतो कसा, ते बघत उभं राहायचं.
पण त्यांनी तुझा आकडा पुसून
तिथे शेवयांची जाहिरात लावली.

मागच्या दारापाशी भेटलास.
जानेवारीचा खारा वारा, तुझे हात गार,
बर्फावर मांडलेल्या माशासारखे.
सातूच्या चहाचा पेला पुढे केला
आणि पेल्याबरोबर मनगटही धरलं, चुकून धरल्यासारखं.
थकलास?
छे. नुसता तर बसलो होतो.

शहाण्णव.
चौऱ्याण्णव.
तुला कळलं असावं, कारण तू पेला
उगाच हळूहळू प्यालास.
पुन्हा चौऱ्याण्णव.
अजून बराच उतरायचा होता,
तेवढ्यात तुमची बस आली.