बावीस किलो

दिवाळीच्या तोंडावर, आंबेवाडीच्या गोठ्यात
काटा बावीसावर थांबला.
हौसाक्का म्हणाली, "एवढुशीच?"
आणि म्हशीकडं बघितलंच नाही.

पुरात ही म्हैस आठव्यात होती.
नऊ दिवस शिये फाट्याच्या डांबरावर उभी,
पुढ्यात भिजलेलं, आंबूस उसाचं वाडं.
वाड्यानं पोट भरतं, हाडं भरत नाहीत.
तिनं मग स्वतःच्या हाडांतलं खरवडून
आत पाठवलं.
तेवढ्याचे हे बावीस.

मी वहीत लिहिते: मादी, पाय ठीक, उठते उशिरा.
पण याला वहीत रकाना नाही,
की पोटातल्या या रेडकीच्या पोटात
तेव्हाच तिच्या लेकींची बीजं होती;
म्हणजे ते कुजकं वाडं
तीन पिढ्यांनी एका तोंडानं खाल्लं.

दारात सून उभी, वृषाली. सहावा लागलाय.
हातात गार भाकरी, वर चटणी.
घरचं दूध पहाटेच डेअरीला जातं.

मी चिठ्ठी लिहिते:
चीक आधी रेडकीला, खर्वसाचं नंतर बघा.
म्हशीला सरकी पेंड, खनिज मिश्रण, ओली वैरण.
हौसाक्का चिठ्ठी उलटीसुलटी करते, परत देते.
"आन् हिचंबी लिवा की."

मी जनावरांची डॉक्टर, आक्का.

ती हात मागं घेत नाही.

मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते:
दावणीच्या पलीकडच्या म्हशीचं, तांब्याभर,
डेअरीची किटली भरायच्या आधी.