मधली धार

चिंचोळी एमआयडीसीत, सुताच्या बंद गोदामात
तांब्याची भट्टी उभी आहे,
पोट मोठं, मान बगळ्याची.
गुंडेटी साहेबांनी ती अमेरिकेतून आणली,
सहा वर्षं तिकडे राबून.
त्यांचे आजोबा पूर्व भागात टॉवेल विणायचे.

साहेब सांगतात, तिकडेही असंच झालं.
कुणी सुतार, कुणी शाळामास्तर,
गॅरेजात भट्टी लावली,
शेजारच्या रानातले सातू, गावच्या विहिरीचं पाणी,
आणि स्कॉटलंडकडे बघून माना डोलवणं सोडलं.
लोक हसले. मग हसायचे थांबले.
मग सरकारनं कायद्यात नाव लिहिलं:
अमेरिकन सिंगल माल्ट.
"आपलंही लिहितील, मेरसिंग," म्हणतात
आणि मोड आलेल्या सातूची मूठ
माझ्या नाकाखाली धरतात.

पगार एकवीस हजार, पीएफ कापून.
पांढरा कोट, खिशावर नाव.
काम: धार ओळखणं.

नाक मला याडीकडून आलं.
तांड्यामागच्या ओढ्यात सडका गूळ, नवसागर,
ऑइलचा कापलेला डबा, वर गार पाण्याचं पातेलं.
ती वास घेऊन सांगायची: आता नाही.
आता नाही.
आता.
काडी ओढायची, जाळ निळा आला की हसायची.
पहिल्या धारेची म्हटलं
की सात रस्त्यापासून गिऱ्हाईक चालत यायचं
आणि न घासता दुप्पट मोजायचं.

इथे पहिली धार आम्ही फेकून देतो.
साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं:
हिला डोकं म्हणतात, हिनं डोळे जातात.
मधली ती काळीज, तेवढीच ठेवायची.
मागची शेपूट, ओल्या गोणपाटाचा वास आला की तोडायची.
मी मान हलवली.
थावरू मामा आठवला,
जो भर दुपारी बाजेवर उठून बसला
आणि म्हणाला होता, दिवा कुणी घालवला?

ज्या खात्यानं आमचे डबे कुऱ्हाडीनं फोडले
त्याच खात्याचा माणूस आता फाटकाशी बसून वही भरतो.
मला मेरसिंगभाऊ म्हणतो.
त्याची किल्ली लागल्याशिवाय माझं कुलूप उघडत नाही.
चहा आम्ही एकाच किटलीतला पितो.

पिंपं येतात ओकची, आतून जाळलेली.
सातू राजस्थानातून.
पण कोपऱ्यात एक पिंप आहे मालदांडी ज्वारीचं,
नावात न बसणारं, कायद्याला सातूच लागतात.
घरी निघताना साहेब त्यालाच हात लावून जातात.

थंड मुलखात वर्षाला दोन टक्के उडते,
देवदूतांचा वाटा म्हणतात त्याला.
सोलापुरात मे महिन्यात पत्रा तापतो, तापत राहतो,
दहा टक्के जाते, कधी बारा.
साहेब वही मिटून कपाळ धरतात:
"आपले देवदूत फार पितात रे."
मी काही बोलत नाही.
पत्र्याखाली कोण कोण बसलंय, मला माहीत आहे.
मामा तर अजून चाचपडत असेल,
पेला कुठे ठेवलाय म्हणून.

बाटलीची किंमत याडीला मी सांगितली नाही.
घरी गेलो की ती माझी बाही ओढते,
नाकाशी नेते, डोळे मिटते.
"मधली."
कधी चुकत नाही.
परवा विचारलं, "पहिलीचं काय करता?"
"ओतून देतो, याडी. विष असतं ते."

ती तव्याकडे बघत राहिली.
भाकरी फुगली, काळी पडायला लागली,
तिनं उलटली नाही.
"आम्ही तीच विकली," म्हणाली.
आणि थोड्या वेळानं,
"जास्त पैशाला."