चौथा झोन

अडतीस डॉलर महिन्याला, वर कर.
कंपनीला कळवलं: एक तारखेपासून
माझ्या घराला तुमचे कान नकोत.
फोनवरची मुलगी म्हणाली,
"पण मग काही झालं तर कळणार कुणाला?"
म्हटलं, मला.

सव्वीस वर्षं थंडर बेच्या एक्स्चेंजमध्ये होते मी.
कानावर हेडफोन, विनिपेगची आई
इथल्या मुलाला जोडून द्यायची
आणि आपण नसल्यासारखं बसायचं.
तारांना मी भीत नाही.

तळघरात, भट्टीशेजारची पत्र्याची पेटी उघडली.
आत टाउनोचं अक्षर, तारेतारेवर चिकटपट्टी:
एक पुढचं दार. दोन सिंकवरची खिडकी.
तीन जिना. चार सौना.

अंगणातल्या सौनाला कुणी अलार्म लावतं?
तेव्हाच विचारलं होतं, चोर काय नेणार तिथून, घाम?
तो हसला नाही.
"असू दे," म्हणाला, आणि पक्कड मागितली.

लाल, काळी, पिवळी, हिरवी.
चारी सोलल्या, एरोने कॅलगरीहून पाठवलेल्या
काडेपेटीएवढ्या सर्किटला जोडल्या,
तिथून टाउनोच्या जुन्या कॉम्प्युटरला,
ज्यावर तो पत्ते खेळायचा, आणि हरायचा.
तीन रात्री स्क्रीन ठार काळा.
चौथ्या रात्री पिवळी-हिरवी अदलाबदल केली
आणि घर बोलायला लागलं.

२१:०७ झोन १ उघडा
२१:०७ झोन १ बंद
(मांजर.)
०२:४० झोन ३ हालचाल
०२:५२ झोन ३ हालचाल
०३:३१ झोन ३ हालचाल

सकाळी वाचलं आणि घशाला कोरड पडली.
रात्री तीनदा जिन्यात कोण होतं?
कॉफी अर्धी झाल्यावर उमगलं.
मला आपलं वाटायचं, मी झोपते.

प्रत्येक तारेच्या टोकाला एक रेझिस्टर असतो,
जवाच्या दाण्याएवढा, हिरवा-निळा-लाल पट्ट्यांचा.
पेटी सारखी थोडी वीज सोडते,
हा ती थोडी अडवतो. एवढीच त्याची नोकरी.
सगळंच बिनविरोध वाहून गेलं तरी बिघाड,
काहीच परत आलं नाही तरी बिघाड.
एक्केचाळीस वर्षं मी काहीही म्हटलं
की टाउनो आधी "नको" म्हणायचा.

जानेवारीत, उणे एकतीस, पहाटे चार अठरा:
झोन ४ बिघाड.
बॅटरी घेतली, भट्टीची सळी घेतली, त्याचे बूट घातले.
बर्फावर एक पाऊल नाही. दार घट्ट.
थंडीने कुठेतरी एक जोड आखडला होता, इतकंच.

पण झोप गेली ती गेलीच.
कारण शोधत पेटीची सगळी सेटिंग्ज
स्क्रीनवर उतरवून घेतली, एकेक ओळ वाचत गेले.
दार उघडलं की स्वयंपाकघरात घंटी वाजावी का?
एक: नाही.
दोन: नाही.
तीन: नाही.
चार: हो.

कधीच ऐकली नव्हती ती घंटी.
ऐकणार कशी?
ऑपरेशननंतर त्याला सौना बंद होता.
ते दार एकटी मीच उघडायचे, रात्री दहाला,
आणि घंटी वाजायची तेव्हा मी तिकडे असायचे.
एकदा वाजली, आत गेली.
दुसऱ्यांदा वाजली, निघाली.
मी ओल्या केसांनी यायचे तेव्हा तो
पेपराची घडी घालत असायचा.
"अजून जागा?" म्हणायचे.
"झोपतोच आहे."

आता कॉम्प्युटरला एक नियम शिकवते आहे:
चौथं दार लागलं
आणि चाळीस मिनिटांत उघडलं नाही
तर पुढील नंबरवर फोन कर.
एरोचा घालून पाहिला. तो अडीच हजार किलोमीटरवर.
शेजारच्या पेलेटिए बाईंचा घातला. त्या बहिऱ्या.
खोडला.

शनिवारी लाकडं पेटवली, टॉवेल घेतला,
दार ओढून उंबऱ्यातच थांबले,
एक पाय वाफेत, एक बर्फात,
मागे घराकडे कान लावून.