नराची पिल्लं

बामणोलीच्या लाँचमध्ये मांडीवर बर्फाची पेटी.
शेजारचा म्हणाला, मासं हाय का?
म्हटलं, माश्या.
हसला. मग जरा सरकून बसला.

तशा अजून माश्याही नाहीत त्या.
सातेरीच्या नराच्या अळ्या, तीनशे ग्रॅम,
वळून झोपलेल्या, पांढऱ्या.
घराच्या झाकणाला मधोमध
सुईच्या टोकाएवढं भोक असलं की नर समजायचा,
हे जखूबाई झोऱ्यांनी चौकट उन्हात धरून दाखवलं.
"ह्येंचं काम काय न्हाय, निस्तं खायाचं.
ह्ये काढलं तर पोळं रागवत न्हाय."
रागावलं.
माझ्या डाव्या भुवईला विचारा.

त्यांच्या थोरल्या बहिणीला
बाळंतपणात अंगावर दूध नव्हतं,
तेव्हा सासूनं पळसाच्या पानात अळ्या भाजून,
मीठ लावून, पाच दिवस चारल्या.
"मग आलं दूध?"
"आलं की. त्याच दिशी म्हसबी व्याली.
कशानं काय झालं, कुणी सांगावं?"

मी सांगणार होतो. त्याचाच पगार होता मला.

कराडात अळ्या वाटल्या, गाळल्या,
गरगर फिरवल्या. वर चरबीचा तवंग,
तळाशी साका,
आणि मधल्या गढूळ पाण्यात जे होतं
ते जेलवर निळ्या रेघा होऊन उभं राहिलं.
सात रेघा. दोन ओळखीच्या.
बाकीच्यांना अजून नावं नाहीत.

सोळा उंदीर. आठांना ते पाजलं, आठांना साधं पाणी.
पाठीवरची जखम कधी भरते ते रोज पट्टीनं मोजायचं.
पाजलेल्यांची लवकर भरत होती, असं वाटायला लागलं होतं
तेवढ्यात सगळ्यांच्या आधी बरा झाला
अकरा नंबर.
पाण्यावरचा.

सरांनी अहवालात 'कदाचित' तीनदा लिहिलं.
टाइप करताना एक माझ्याकडून चौथं पडलं,
ते त्यांनी राहू दिलं.

एक गोष्ट अहवालात नाही:
त्या दिवशी जखूबाईंनी तळहातावर एक अळी ठेवली
आणि मी खाल्ली.
ओल्या बदामासारखी लागली,
गिळल्यावर मागून कुठून तरी जांभळाचा मोहर.

काल फोन आला. रेंज तुटत होती.
"काय म्हनतंय मशीन?"
"कदाचित, म्हणतंय."
पलीकडे बराच वेळ नुसता वारा, एक घंटा, कुणाला तरी हाड्-हाड्.
"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या.
"यंदा जांभूळ उशिरा फुललंय. पंधरा दिसानं ये.
आन् तोंडाला जाळी आण."