कोपर आधी

मे महिन्यात रेशीमबागेच्या मैदानावर
साडेपाचलाच यावं लागतं.
आठनंतर चेंडूची शिवण बोटांना भाजते.

टेपने मोजलेले त्रेचाळीस फूट.
इकडे पिचरची पट्टी, स्कूटरच्या जुन्या टायरची.
तिकडे भिंत, भिंतीवर खडूचा चौकोन
गुडघ्यापासून काखेपर्यंत.
मध्ये कुणी नाही.

धोटे सरांनी मला शिकवलं होतं:
हात पवनचक्कीसारखा फिरव,
खाली आला की मनगट वर झटक,
आणि शेवटी कोपर समोर दाखव,
तळहात खांद्यापाशी,
पाठीवरचं पोतं सावरतात तसा.
वीस वर्षं मी तेच शिकवलं.
शंभरावर मुली,
शंभरावर कोपरं आभाळाकडे.
त्यातल्या कितीजणींना
पुढे फळ्यावर तारीख लिहिताना कळ आली
मला कोणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
माझा स्वतःचा उजवा खांदा
वेणी घालताना अर्ध्यात थांबतो,
तरी नाही.

यमुना उईके देवलापारची.
वसतिगृहाच्या सायकलने येते,
चेन उतरली की काळ्या बोटांनीच चेंडू धरते.
पहिल्याच आठवड्यात म्हणाली,
"मॅडम, तुम्ही सांगता तसा हात जातच नाही जी.
जोरात टाकला की तो आपल्याच मनाचं करते."
मी म्हटलं, मग हळू टाक.

हे उत्तर नव्हतं.

घरी जाऊन तिचा व्हिडिओ लावला,
इतका सावकाश की धूळसुद्धा विचार करून उडत होती.
हात वरून उतरतो.
कोपर आधी येतं, बरगडीला लगटून.
कोपराखालचा हात मागे रेंगाळतो,
तळहात तिसऱ्या बेसकडे, जणू कुणाला थांबवतोय.
मग मनगटाची वरची बाजू मांडीला घासते.
तिथे कोपर
थबकतं.
त्या थबकण्यातूनच
किल्ली कुलपात फिरावी तसा
सगळा हात आत वळतो
आणि चेंडू गेलेला असतो.
मनगट झटकायला जागाच नाही.
कोपर वर न्यायला कारणच नाही.

अकरा वेळा पाहिलं.
मग कपाटातून माझी सीडी काढली,
आंतरविद्यापीठ, उपांत्य फेरी,
पुतण्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर अडखळत चालली.
माझंही कोपर आधी आलं होतं.
मांडी, थबकणं, किल्ली, सगळं.
कोपर वर नेलं ते चेंडू सुटल्यावर,
सरांना दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी यमुनाला विचारलं, कोणी शिकवलं?
तिला प्रश्नच कळला नाही.
मग म्हणाली, "तळ्यात भाकऱ्या काढतो ना जी आम्ही,
चपट्या दगडाच्या."

आता शिट्टी कमी वाजवते.
रविवारी मुलींना फुटाळ्यावर नेते,
खिसे भरून खापऱ्या.
सात टप्पे, आठ टप्पे.
कणीसवाला विचारतो, हा कोणता क्लास?
मी एवढंच म्हणते: हात सैल.
ओल्या हाताचं पाणी झटकता ना, तेवढा सैल.
आणि जे मांडीला लागतंय ते लागू द्या,
मी त्याला चूक म्हणायचे.

काल उमरेडला फोन केला, अनसूया बावनेला.
माझी सगळ्यात वेगवान पिचर,
आता चौथीच्या वर्गाला शिकवते.
म्हटलं, खांदा कसा आहे गं?

तिकडे बराच वेळ
नुसता कूलरचा आवाज.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"