किती चालू?

पावणेदोनला इरफान बागवानचा फोन :
"तिकडं अमेरिकेत दुपार हाय,
आन् टॉवेलच्या ऑर्डरी अडकून बसल्यात. बघ की गं."
कूलरची टाकी कोरडी.
एप्रिलमधली भिंत रात्रीसुद्धा हात लावू देत नाही.

काळ्या पडद्यावर लिहिते : डॉकर पीएस.
यादी खाली उतरते.
प्रत्येक ओळीच्या तोंडाशी बारा अक्षरं,
खरं तर चौसष्ट, पण बाकीची पदराआड.
शून्य ते नऊ, मग ए ते एफ. मोजली तर सोळा.
सोळा गावं मिळून सोलापूर झालं म्हणतात,
खरं-खोटं सिद्धेश्वराला ठाऊक.
या सोळांतून मात्र हवी तितकी गावं वसतात
आणि एकाही वेशीवर पाटी नसते.
मी नाव द्यायला विसरले
तर यंत्रच ठेवतं एखादं,
बारशाला कुणी आलं नाही म्हणून सुईणीनं ठेवावं तसं.

"सात-एफ-तीन, त्याच्यातच लोचा हाय," इरफान म्हणतो.
तीन अक्षरं पुरतात एरवी.
आमच्या बोळात "अंब्या" म्हटलं
की अंबादास इरबत्ती सायकलवरून वळून बघतो,
आडनावापर्यंत जावं लागत नाही.
पण यंत्र म्हणतं : असे दोन आहेत. कुठला?

मी यादी परत वाचते. एकच आहे.
पुन्हा विचारते. दोन आहेत.

मग आठवतं,
नुसतं पीएस म्हटलं की फक्त चालती दिसतात.
पुढं डॅश ए लावते,
आणि पडदा भरून वर सरकत जातो.

नान्ना पाणी प्यायला उठलेत.
तांब्या हातात तसाच, माझ्या खांद्यामागून विचारतात,
"किती चालू?"
शेडमध्ये शिरतानाही हेच विचारायचे, चप्पल काढायच्या आधी.
"पाच."
"आन् एकूण?"
"एकतीस."
ते खाली बसतात, फरशीवर.

आमचे आठ माग होते.
भिंतीवर लाल ऑइलपेंटनं आकडे, ज्याचा त्याच्या डोक्यावर.
किलोच्या भावानं गेले, दोन खेपांत.
आकडे राहिले.
आता चार आणि पाचच्या मधे
गुंडेटींचा टेम्पो उभा असतो.

"हे काय लिहिलंय?"
बंद, सहा आठवड्यांपूर्वी. कंसात शून्य.
शून्य म्हणजे काम उरकून गेला, मी सांगते,
एकशे सदतीस म्हणजे बाहेरून मारला.
"मग आपल्या मागांचा कितीचा?"
"तसं नसतं ते, नान्ना."
ते तांब्या तोंडाला लावतात.

दुसरा सात-एफ-तीन तिथंच होता, सव्विसांच्या गर्दीत.
आणि लोचा साधाच निघाला :
डिस्कवर जागा नाही.
बंद पडलेल्यांनी कोपरा न् कोपरा धरून ठेवलेला.
काढून टाकायचा हुकूम लिहिते.
यंत्र एकदा विचारतं, नक्की ना?

"भाव काय येतो?" नान्ना विचारतात.
"काही नाही. जागा मिळते."
"हां," ते म्हणतात, "टेम्पो लावायला."

मी हसते. ते नाही हसत.
"थांब जरा," म्हणतात, आणि टीव्हीवरचं लाइट बिल घेऊन
त्या दुसऱ्याची बारा अक्षरं
पाठीमागं उतरवून घेतात, एकेक, ओठ हलवत.
इंग्रजी एफ त्यांना नीट येत नाही,
धोट्यासारखा आडवा होतो.
मग मी वाय दाबते.

"चालू झालं बघ," इरफान ओरडतो, "झोप आता."
मी एकदा करून बघते : सात-एफ-तीन.
आता एकच वळतो.

सकाळी बिल फ्रिजवर चुंबकाखाली.
बारा अक्षरं, खाली तारीख, पुढे "बंद",
मागाच्या वहीत लिहायचे तसंच.
उलटं करून बघितलं :
दोन हजार एकशे चाळीस, शेवटची तारीख अठरा.
आज एकोणीस.