गळून राहिली

पहिला थेंब दिसला होळीच्या दुसऱ्या दिवशी.
हिरवट. वाटलं, पोरांचा रंग असेल.
बोट लावलं तर बुळबुळीत, वास गोडसर.
खडूनं भोवती गोल काढला, आत तारीख टाकली.
एकतीस वर्षं ऑडिटमध्ये काढलेल्या बाईला
दुसरं सुचणार तरी काय?

अक्षय तृतीयेपर्यंत पोर्चच्या फरशीवर सतरा गोल.
दर गोलामागे मी वरच्या होसची क्लिप
अर्धा फेरा आवळायची,
आणि हेराल्ड पुन्हा सकाळी
आपली बाकी दाखवायची.

जरीपटक्याच्या दुकानदारानं बाटली पुढं केली:
रेडिएटरमध्ये ओता, आतल्या आत बंद होतं म्हणे.
नाही घेतली.
न सापडलेली चूक 'संकीर्ण'मध्ये ढकलणारे
खूप पाहिलेत मी.

शेवटी पाचपावलीहून ताराचंद निमजे आले,
डोक्याला ओला दुपट्टा, कॅरिअरला अवजारांची पेटी.
या गाडीचं बॉनेट अख्खं पुढं कलतं,
मगरीनं जांभई द्यावी तसं.
निमजे त्या जबड्यात वाकले आणि म्हणाले,
"गळून राहिली."

पुण्याची जाऊ असती तर हसली असती.
गळून मग राहिली कुठे?
पण आमच्याकडे चालू असलेलं काम
असंच बोलतात:
जेवून राहिलो, येऊन राहिलो,
मे महिन्यात मरून राहिलो.

"कधी गळते? चालताना का उभी असताना?"
उभी असताना, पहाटे.
"मंग बराबर. गरम असते तवा रबर फुगते, धरून ठेवते.
गार झाली का आंग चोरते."

होस काढला. टोक माझ्या हातात दिलं.
बाहेर काळं, आत काळं, मधोमध सुताचा थर;
क्लिपखाली नेमका तोच कापला गेलेला.
निमज्यांच्या वडिलांचा माग होता गोळीबार चौकात.
त्यांनी धागा नखानं उचलला, पिळला, सोडला.
"लुगडं घडीवरच फाटते, मॅडम.
आवळून आवळून तुम्हीच कापली."

आयुष्यातला पहिला आक्षेप
माझ्या नावावर. लेखी नाही, एवढंच.

मग ती मान, जिच्यावर होस चढतो.
ॲल्युमिनियमला पांढरी बुरशी, खड्डे, जुन्या रबराची साल.
तासभर पॉलिश पेपर. मधेच डोळे मिटून
बोटाचं पेर फिरवत राहिले,
रस्ता संपेपर्यंत चष्मा न लावणाऱ्या माणसासारखे.
मूळ होस आता कुठं मिळतो?
घाट रोडवरून कुठल्याशा ट्रॅक्टरचा आणला,
कोपरा जुळला तिथं कापला.
क्लिप रुंद, कडा वळवलेल्या.
दोन बोटांत पेचकस धरून फिरवला. थांबले.

एवढंच?
"एवढंच. उद्या तापवा, निवू द्या, मंग पाव फेरा.
त्याच्यानंतर हात नोका लावू."

बुटीबोरीपर्यंत नेऊन आणली, भर दुपारी, पंचेचाळीस अंशांत.
काटा मध्यावर. समोरचा रस्ता
पाण्यासारखा हलत होता, तेवढंच पाणी.

रात्री तीनला जाग आली.
टप. टप.
टॉर्च घेतला, खडू घेतला, अनवाणी पोर्चमध्ये.
गाडीखाली सतरा गोल कोरडे खडखडीत.
पाणी येत होतं कूलरचं, पंपाची नळी निसटलेली;
खसच्या वासासकट फरशीवरून सरकत
चार एप्रिलचा गोल पुसत होतं.

सकाळी फोन केला: निमजे, आता कूलर गळून राहिलाय.
"त्याले गळू द्या," ते म्हणाले,
"तो गळून राहते म्हणून तर
तुमी झोपून राहता."

खडू अजून मीटरच्या पेटीवर आहे.
पाव फेरा दिलाय. तारीख लिहिली नाही.